सात दिवसांचा पाहुणा

तो टपालाने येतो. लिफाफ्यात मनगटी पट्टा, पट्ट्यात बसवलेला तो, सूचनांचा एक कागद आणि परत पाठवण्यासाठी टपालखर्च आधीच भरलेला दुसरा लिफाफा. अंगकाठी अगदी लहान: ३२.५ मिलिमीटर लांब, २३ मिलिमीटर रुंद, जाडी ८ मिलिमीटरच्या आत. वजन ११ ग्रॅम. त्याला पडदा नाही, बटण नाही, आवाज नाही. मनगटावर बांधला की तो वेळ सांगत नाही, पावलं मोजून दाखवत नाही, ‘आज छान चाललात’ अशी शाबासकी देत नाही, आणि तुम्ही तासभर खुर्चीत बसून राहिलात तरी उठायला सांगत नाही. त्याच्यासाठी तुम्ही करायचं ते इतकंच, की ज्या हाताने लिहिता त्या हाताला तो बांधायचा, सात दिवस काढायचा नाही आणि एरवी जगता तसंच जगायचं. पाण्याला तो भीत नाही. चार्जिंग मागत नाही. सात दिवसांनी परतीच्या लिफाफ्यात घालून पेटीत टाकला, की पाहुणा गेला.

त्याचं नाव एएक्स-३. बनवणारी कंपनी ॲक्सिव्हिटी, गाव न्यूकॅसल, ईशान्य इंग्लंड. २०१३ ते २०१५ या काळात तो ब्रिटनमधल्या लाखभर माणसांच्या मनगटावर असा आठवडा-आठवडा राहून आला. त्याला घरोघर धाडणारी संस्था म्हणजे यूके बायोबँक. या संस्थेने २००६ ते २०१० दरम्यान इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समधल्या चाळीस ते एकोणसत्तर वयाच्या पाच लाख लोकांना आपल्या अभ्यासात सामील करून घेतलं होतं. त्यांचं रक्त, लघवी, वजन, रक्तदाब, जनुकं सगळं नोंदून ठेवलं होतं. अडचण येत होती ती एका साध्या प्रश्नापाशी: तुम्ही दिवसभरात हालचाल किती करता? याचं उत्तर माणसाला देता येत नाही. खोटं बोलायचं असतं म्हणून नव्हे. हालचाल ही लक्षात ठेवण्याची गोष्टच नाही. व्यायामशाळेत गेलो ते आठवतं. जिन्यावरून कितीदा वर-खाली झालो, ओट्यापाशी किती वेळ उभे होतो, हे कुणाच्या लक्षात राहणार?

म्हणून या मुक्या पाहुण्याला पाठवायचं ठरलं. २,३६,५१९ लोकांना ईमेल गेले. १,०६,०५३ जणांनी ‘येऊ दे’ म्हणून सांगितलं. शेवटी हाती आल्या त्या १,०३,७१२ नोंदी. पाठवताना प्रत्येक यंत्राला आधीच पढवून ठेवलेलं असायचं, की टपालात पडल्यापासून कामाचे दोन दिवस गेले की सकाळी दहाला जागा हो. घरातल्या माणसाने काहीही सुरू करायचं नाही, बंद करायचं नाही. मला या मोहिमेतली ही गोष्ट फार मोलाची वाटते. सत्तरीच्या आजोबांना ब्लूटूथ जोडायला लावलं असतं, ॲप उतरवायला सांगितलं असतं, तर लाखापैकी किती उरले असते कोण जाणे. ज्याला आपण हुशार यंत्र म्हणतो ते बहुतेक वेळा वापरणाऱ्याला हुशार व्हायला लावतं. या पाहुण्याने सगळी हुशारी स्वतःच्या पोटात ठेवली आणि घरच्यांवर कसलाच भार टाकला नाही.

त्याच्या पोटात काय आहे ते जरा जवळ जाऊन पाहण्यासारखं आहे. मुख्य अवयव म्हणजे त्वरणमापक, इंजिनिअरांच्या बोलण्यातला ॲक्सेलरोमीटर. सिलिकॉनचा अतिशय बारीक तुकडा तितक्याच बारीक स्प्रिंगांवर तोललेला असतो. हात हलला की तो तुकडा किंचित मागे राहतो, त्याच्या आणि शेजारच्या स्थिर पट्ट्यांमधलं अंतर बदलतं, अंतर बदललं की विद्युतधारिता बदलते, आणि त्या बदलाचा आकडा होतो. अशा तीन दिशांचे तीन आकडे. बाकी मग एक क्वार्ट्झचं घड्याळ, तापमान आणि प्रकाश ओळखणारे दोन छोटे संवेदक, बॅटरी आणि ५१२ मेगाबाइट स्मृती.

टेबलावर तो निवांत पडलेला असतानाही आकडे शून्य नसतात. वरच्या दिशेचा आकडा एक असतो. एक म्हणजे एक ‘जी’, पृथ्वीचं गुरुत्व. पालथा केला की तोच आकडा उणे एक होतो. कुशीवर ठेवला की ते एक शेजारच्या दिशेत जाऊन बसतं. हातातून सुटून खाली पडत असताना मात्र, जमिनीवर आपटेपर्यंतच्या त्या निमिषात, तिन्ही आकडे शून्याजवळ येतात. म्हणजे याला कायम, अगदी मध्यरात्री माणूस गाढ झोपलेला असतानाही, खालची बाजू कोणती हे ठाऊक असतं. माणसाने कूस बदलली, हात उशीखाली घेतला, छातीवर ठेवला, की ते एक गुरुत्व तीन आकड्यांत नव्याने वाटलं जातं. झोपेचा अंदाज यातूनच निघतो. हाताचा कोन बराच वेळ बदलला नाही, तर माणूस झोपला असावा.

सेकंदाला शंभर वेळा तो हे आकडे लिहितो. सात दिवसांचा हिशोब केला तर ६,०४,८०,००० नोंदी होतात, प्रत्येकीत तीन आकडे. ५१२ बाइटांच्या एका चौकटीत तो १२० नोंदी दाटीवाटीने बसवतो, अशा ५,०४,००० चौकटी भरतात आणि आठवड्याची फाइल सुमारे २५८ मेगाबाइटची होते. संगणकाला जोडला की तो साध्या पेन ड्राइव्हसारखा उघडतो आणि आत ही एक फाइल असते. त्यात ‘चालले’, ‘बसले’, ‘झोपले’ असा एकही शब्द नसतो. सगळे आकडे.

या पाहुण्याचा खरा स्वभाव इथे दिसतो. पाहिलं ते सगळं तो जसंच्या तसं आणतो आणि त्याचा अर्थ लावत नाही. हा गुण किती दुर्मीळ आहे हे कळायला त्याच्या आधीच्या पिढीची चाल माहीत असायला हवी. शरीराच्या हालचाली मोजणारी यंत्रं त्याआधी कित्येक वर्षं संशोधनात वापरली जात होती. त्यांच्या नोंदी बहुधा ‘काउंट’ नावाच्या एककात मिळायच्या. मिनिटाला इतके काउंट म्हणजे बैठं, त्यापुढे हलकं, त्यापुढे जोमदार. पण काउंट नेमका कसा काढायचा, याचं सूत्र त्या त्या कंपनीकडे. एका कंपनीचा काउंट दुसरीच्या काउंटशी जुळत नसे. संशोधन क्षेत्रात सर्वाधिक वापरल्या गेलेल्या ॲक्टिग्राफ या यंत्राच्या काउंटचं संपूर्ण सूत्र कंपनीने प्रसिद्ध केलं ते २०२२ साली. त्या आकड्यांवर तोवर ढीगभर शोधनिबंध लिहून झाले होते. सूत्र उघड झालं हे चांगलंच झालं, पण इतका उशीर व्हायला नको होता. माप कसं घेतलं हे ठाऊक नसताना मापावर विश्वास ठेवायचा म्हणजे दुकानदाराचा तराजू कापडाखाली झाकलेला असताना धान्य घेण्यासारखं आहे.

एएक्स-३ चा जन्म याच्या नेमक्या उलट घरातला. न्यूकॅसल विद्यापीठात कल्चर लॅब नावाची प्रयोगशाळा होती. संगणक रोजच्या जगण्यात कुठे आणि कसा मिसळावा, याचा विचार करणारी माणसं तिथे काम करत. त्यांनी एक स्वयंपाकघर उभारलं होतं. त्यातल्या सुऱ्या आणि चमच्यांच्या मुठींत त्वरणमापक बसवले होते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका अभ्यासात त्यासाठी चक्क निन्टेन्डोच्या वी या गेम कन्सोलच्या रिमोटमधले त्वरणमापक वापरले होते. सुरी हलते कशी यावरून माणूस सोलतोय, चिरतोय की काप करतोय हे संगणकाला ओळखता यावं, हा प्रयत्न. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला स्वयंपाक करताना पुढची पायरी कोणती याची वेळेवर आठवण करून देता यावी, अशी त्यामागची एक आस होती. मुळात मनगटही असंच. हाताने काय केलं ते मुठीतून कळतं, तसं मनगटातूनही कळतं.

त्याच प्रयोगशाळेतून ‘ओपन मूव्हमेंट’ हा उपक्रम निघाला आणि त्यातून एएक्स-३. नावातलं ‘ओपन’ पूर्ण अर्थाने खरं आहे. सर्किटचा आराखडा, आत चालणारं फर्मवेअर, संगणकावर त्याची मांडणी करणारं सॉफ्टवेअर, फाइलची रचना, हे सगळं कुणालाही वाचायला, वापरायला आणि बदलायला खुलं ठेवलेलं आहे. कंपनी यंत्र विकते, पण यंत्राची विद्या कुलपात ठेवत नाही. उद्या कंपनी बंद पडली तरी कालच्या फाइली वाचता येतील. मला वाटतं, लोकांच्या आरोग्याची नोंद ठेवणाऱ्या कुठल्याही वस्तूकडे मागावी अशी ही किमान गोष्ट आहे. शरीर माझं, हालचाल माझी, आणि ती वाचायची लिपी मात्र परक्याच्या मालकीची, हे चालवून घेऊ नये.

आता पाहुणा परतल्यावर काय होतं ते. यंत्रं कितीतरी, थोडी थोडी वेगळी. एखादं निवांत पडलेलं असताना एकऐवजी १.०२ दाखवणार, दुसरं ०.९८. उन्हाळ्यात एक, हिवाळ्यात दुसरं. प्रत्येकाला प्रयोगशाळेत नेऊन तपासत बसणं अशक्य. यावर नेदरलँड्सचे संशोधक व्हिन्सेंट व्हॅन हीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये काढलेला तोडगा मला आजही सुंदर वाटतो. आठवडाभरात हात हजारदा स्थिर होतो: झोपेत, पुस्तक वाचताना. त्या प्रत्येक स्थिर क्षणी तिन्ही आकडे मिळून बरोब्बर एक ‘जी’ व्हायला हवेत, कारण त्या वेळी त्याच्यावर गुरुत्वाखेरीज दुसरं काहीच काम करत नसतं. निरनिराळ्या कोनांतले हे सगळे क्षण एकत्र मांडले की एक गोल तयार होतो. तो गोल जिथे सरकलेला किंवा दबलेला दिसेल तेवढी चूक यंत्राची. ती मोजायची आणि सगळ्या फाइलमधून काढून टाकायची. म्हणजे यंत्राची परीक्षा पृथ्वीच घेते, आणि तीही माणूस झोपलेला असताना. ही पद्धत त्यांनी ब्रिटन, कुवेत, कॅमेरून आणि ब्राझील अशा चार खंडांतल्या नोंदींवर ताडून पाहिली. तिच्यासाठी लागणारा कोडही त्यांनी जीजीआयआर या नावाने सर्वांसाठी खुला केला.

पुढचं काम ऑक्सफर्डमध्ये एडन डोहर्टी आणि त्यांच्या चमूने केलं. तिन्ही दिशांचे आकडे एकत्र करून त्यातून गुरुत्वाचा एक वजा करायचा. जे उरतं ती हालचाल. ते पाच-पाच सेकंदांच्या तुकड्यांत सरासरी करून ठेवायचं. तासभर तिन्ही आकड्यांत जराही थरथर नसेल तर यंत्र मनगटावर नसावं असं समजायचं; झोपलेल्या माणसाचा हातही इतका निश्चल नसतो. काढून ठेवलेल्या वेळेच्या जागी त्याच माणसाच्या इतर दिवसांतल्या त्याच वेळेची सरासरी भरायची. एवढ्या चाळणीतून १,०३,७१२ पैकी ९६,६०० नोंदी पार पडल्या, आणि माणसांनी यंत्र अंगावर बाळगलं त्या काळाचा मध्यक निघाला ६.९ दिवस. सातातले ६.९! लोकांनी या पाहुण्याला खरोखर घरचा करून घेतलं होतं.

त्यातून २०१७ मध्ये पहिला निबंध प्रसिद्ध झाला. दर दहा वर्षांनी माणसाची एकूण हालचाल साडेसात टक्क्यांनी कमी होते, हे त्यातलं एक मोजमाप. दुसरं मला अधिक बोलकं वाटलं. ४५ ते ५४ हा वयोगट सोडला, तर स्त्रियांची हालचाल पुरुषांपेक्षा जास्त निघाली. प्रश्नावलीत ‘व्यायाम’ विचारला जातो आणि पुरुष खेळ, धावणं, व्यायामशाळा सांगतात. घरातलं काम कुठल्या रकान्यात लिहायचं? मनगटावरच्या पाहुण्याकडे रकानेच नव्हते, म्हणून त्याने तेही मोजलं.

लाख माणसांच्या आठवड्याच्या फाइली मिळून सुमारे २७ टेराबाइट होतात. एवढा ऐवज प्रत्येक विद्यापीठाने उतरवून घ्यायचा म्हटलं, तर श्रीमंत विद्यापीठांनाच हे संशोधन करता येणार. यूके बायोबँकेने २०२१ मध्ये क्लाउडवर आपला विश्लेषण मंच सुरू केला. डेटा तिथेच राहतो, संशोधक आपला कोड घेऊन तिथे जातो, गणना तिथेच करतो आणि निष्कर्ष घेऊन बाहेर पडतो. नावं, पत्ते काढून टाकलेले असतात. तरीही एखाद्या माणसाचा सेकंदाला शंभर नोंदींचा आठवडा ही अतिशय खासगी गोष्ट आहे. तो किती वाजता उठतो, रात्री कितीदा जागा होतो, त्याची चाल कशी, हे त्यात असतं. म्हणून पद्धती खुल्या आणि माणसांच्या नोंदी राखणीत, ही विभागणी मला योग्य वाटते. खुलेपणा म्हणजे सगळं चव्हाट्यावर आणणं असा अर्थ कुणी काढू नये.

या कच्च्या नोंदींचं खरं मोल पुढच्या वर्षांत उघड झालं, कारण तेव्हा नव्या लोकांनी नवे प्रश्न विचारले. २०१३ मध्ये ते कुणाच्या मनातही नव्हते.

सिडनी विद्यापीठातल्या इमॅन्युएल स्टामाटाकिस यांच्या चमूने विचारलं, की जी माणसं कधीच व्यायाम करत नाहीत त्यांच्या दिवसात मिनिट-दोन मिनिटांची धावपळ असते का? बस पकडायला पळणं, जिना भराभर चढणं, चढावर सामान नेणं. असे २५,२४१ लोक त्यांनी नोंदींतून वेगळे काढले आणि सुमारे सात वर्षं त्यांचं पुढे काय झालं ते पाहिलं. दिवसातून सरासरी तीनदा अशी मिनिट-दोन मिनिटांची दमछाक करणाऱ्यांमध्ये, अजिबात न करणाऱ्यांच्या तुलनेत, मृत्यूची जोखीम ३८ ते ४० टक्क्यांनी कमी आढळली. हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणाऱ्या मृत्यूची ४८ ते ४९ टक्क्यांनी. हा संबंध आहे, त्यावरून कारण सिद्ध होत नाही. ज्याला पळवतं तो मुळातच धडधाकट असू शकतो. निबंध आला २०२२ मध्ये. लक्षात घ्यायचं ते हे, की त्या यंत्राने मिनिटा-मिनिटाचे गोळाबेरीज आकडेच ठेवले असते, तर अशी आखूड पळापळ त्यात बरीचशी विरून गेली असती.

पुढच्याच वर्षी, २०२३ मध्ये, कार्डिफ विद्यापीठाच्या संशोधकांनी आणखी वेगळा प्रश्न विचारला. यंत्र बांधलं तेव्हा ठीक असलेल्या काही जणांना पुढे पार्किन्सनचा आजार झाला. त्यांच्या त्या एका आठवड्यात काही दिसतं का? दिसत होतं. निदान होण्याच्या सात वर्षं आधीपर्यंत त्यांच्या हालचालींत मंदपणा उतरलेला होता. डॉक्टरला दिसला नव्हता, घरच्यांना नाही, बहुधा त्यांना स्वतःलाही नाही. एकट्या माणसाला उद्या काय होणार हे यावरून सांगता येत नाही आणि तसं सांगूही नये. पण या आजारावर गुण देणारं औषध शोधायचं, तर ते लवकरच्या टप्प्यात देऊन पाहावं लागणार, आणि तो टप्पा ओळखायचा कसा हा मोठा पेच होता. त्याची एक वाट टपालाने येऊन गेलेल्या या पाहुण्याच्या जुन्या फाइलींत निघाली.

आकड्यांवरून ‘चालणं’, ‘सायकल’, ‘घरकाम’ ओळखायला संगणकाला शिकवावं लागतं, आणि शिकवायला उदाहरणं लागतात. त्यासाठी ऑक्सफर्डच्या परिसरातल्या १५१ लोकांनी मनगटावर हे यंत्र आणि गळ्यात छोटा कॅमेरा घालून दिवस काढला. कॅमेरा ठरावीक अंतराने आपोआप छायाचित्र घेत होता. मग माणसांनी बसून एकेक छायाचित्र पाहिलं आणि त्या वेळी काय चाललं होतं ते आकड्यांच्या शेजारी लिहिलं. अडीच हजारांहून अधिक तासांची ही नोंद कॅप्चर-२४ या नावाने आता सर्वांना उपलब्ध आहे. मशीन लर्निंगचा गवगवा होतो तेव्हा या खाली मान घालून छायाचित्रं पाहणाऱ्यांचा उल्लेख क्वचित होतो. त्यांच्याशिवाय मॉडेल आंधळंच राहिलं असतं.

त्याच गटाने आणखी एक युक्ती केली. कुठली हालचाल ते न लिहिलेल्या लाखभर आठवड्यांचं काय करायचं? त्यांनी संगणकापुढे एकेक तुकडा ठेवला, काही सरळ, काही उलटे फिरवलेले, आणि ओळखायला लावलं, की यात काळ पुढे चाललाय की मागे? हे ओळखायचं तर माणसाचं पाऊल टेकतं कसं, उचलतं कसं, हात झुलतो कसा, हे कळावं लागतं. सात लाख माणूस-दिवसांवर असं शिकलेलं मॉडेल त्यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलं, तेही खुलं. ज्याच्याकडे पाच-पन्नास माणसांच्याच नोंदी आहेत अशा लहान प्रयोगशाळेला आता शून्यापासून सुरुवात करायची गरज नाही.

इतकं सगळं असलं तरी या पाहुण्याला बऱ्याच गोष्टी कळत नाहीत, आणि त्या सांगितल्या नाहीत तर त्याचं चित्र खोटं होईल. तो मनगटावर बसतो, म्हणून त्याला मनगटाचंच जग दिसतं. बाजारात ढकलगाडीची दांडी धरून तासभर चाललेल्या बाईचा हात स्थिर असतो. त्याच्या लेखी ती फारशी हललीच नाही. सायकलच्या दांडीवर टेकलेल्या हाताचीही तीच गत. वजन तर त्याला मुळीच कळत नाही. मोकळ्या हाताने चालणं आणि डोक्यावर भरलेला हंडा घेऊन, एक हात त्याला लावून चालणं, यात दम कुणाला किती लागला हे त्याच्या आकड्यांत येत नाही. उलट चुलीपुढे बसून भाकऱ्या थापणाऱ्या हाताची लयबद्ध थापट तो टिपेल, आणि ऑक्सफर्डच्या परिसरातल्या दिवसांवर शिकलेलं मॉडेल तिला काय समजेल याची मला शंका आहे. त्या १५१ जणांत भाकरी कुणी थापली असेल असं वाटत नाही. भातलावणी, ऊसतोड, धुणं आपटणं, मासळीच्या टोपल्या उतरवणं, यांपैकी कशाचंच नाव त्या नोंदींत असण्याचं कारण नाही.

आणि यूके बायोबँकेतली माणसंही साऱ्या जगाचा नमुना नव्हेत. त्यांतले नव्वद टक्क्यांहून अधिक गोरे आहेत, आणि सर्वसाधारण ब्रिटिश माणसापेक्षा ते निरोगी आणि सुस्थितीतले आहेत. तिकडचं माप इकडे जसंच्या तसं लावलं की काय होतं, हे पुण्याने जगाला दाखवलेलं आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आपल्या दोघांचं छायाचित्र छापलं. दोघांचा बीएमआय अगदी एकच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजन-उंचीचं माप चुकलं नव्हतं. ते ज्या शरीरांवर घडलं, त्यांच्याबाहेर त्याचा अर्थ बदलत होता. हालचालीच्या मापांचंही असंच होऊ शकतं. ब्रिटिश मनगटावर ठरलेली ‘जोमदार’ची रेषा साताऱ्याच्या शेतात किंवा धारावीच्या कारखान्यात कुठे पडते, हे इथल्या माणसांवर मोजूनच कळेल.

ते मोजता येईल, कारण पद्धत खुली आहे. नॉर्वेत ट्रॉनहाइमच्या संशोधकांनी नेमकं हेच केलं. तिथल्या हंट या मोठ्या लोकसंख्या-अभ्यासाच्या चौथ्या फेरीत हेच एएक्स-३ त्यांनी मनगट सोडून मांडीवर आणि कंबरेजवळ पाठीवर चिकटवले. मांडी आडवी की उभी यावरून बसणं आणि उभं राहणं चटकन वेगळं होतं. मनगटाला हे जमत नाही. त्यासाठी लागणाऱ्या, हालचालींची नावं लिहिलेल्या २२ माणसांच्या नोंदीही त्यांनी हार्थ या नावाने खुल्या केल्या. बावीसच माणसं. एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षातल्या प्रकल्पाला झेपेल एवढा आकडा. पाहुण्याचा धाकटा भाऊ एएक्स-६ आता आला आहे. त्याला त्वरणाबरोबर वळणंही कळतात, कारण त्यात जायरोस्कोप आहे. पण स्वभाव तोच: गप्प राहायचं, सगळं लिहायचं, अर्थ दुसऱ्यांवर सोडायचा.

दुकानात मिळणारी स्मार्ट घड्याळं याच्या पुढे दिमाखदार दिसतात. ती हृदयाचे ठोके दाखवतात, झोपेला गुण देतात, ‘ताण वाढलाय’ म्हणतात. त्यांचा उपयोग होतो, मी नाकारत नाही. पण तो गुण कशावरून दिला, मागच्या महिन्यात सॉफ्टवेअर बदललं तेव्हा सूत्रही बदललं का, माझ्या गेल्या वर्षीच्या रात्री नव्या सूत्राने पुन्हा मोजता येतील का, याची उत्तरं बहुतेक घड्याळं देत नाहीत, कारण मूळ नोंद त्यांनी ठेवलेलीच नसते किंवा दिलेली नसते. एएक्स-३ ने २०१४ मध्ये लिहिलेला आठवडा आज नव्या सूत्राने मोजता येतो, दहा वर्षांनी आणखी नव्या सूत्राने मोजता येईल.

म्हणून माझी विनंती आहे ती इथल्या लोकांना. तुमच्या कॉलेजात, रुग्णालयात किंवा जिल्ह्यात कुणी आशासेविकांच्या, कामगारांच्या, मधुमेही रुग्णांच्या मनगटावर असं काही बांधायची योजना आणली, तर किंमत विचारण्याआधी विचारा: कच्ची नोंद आमच्या हाती राहणार का, आणि आकडा कसा काढता ते वाचायला मिळणार का? आणि तुम्ही संगणकाचे किंवा वैद्यकाचे विद्यार्थी असाल, तर ओपन मूव्हमेंटचा आराखडा, जीजीआयआर, कॅप्चर-२४ आणि हार्थ आजच उतरवून घ्या. मग गावाकडच्या वीस-बावीस माणसांना, त्यांची रीतसर संमती घेऊन, एक दिवस मागा. भाकरी थापणाऱ्या, ऊस तोडणाऱ्या, भात लावणाऱ्या हाताच्या हालचालींची नावं लिहिलेली नोंद मराठी मुलखातून आली, तर ती जगभरच्या मॉडेलांच्या उपयोगी पडेल.